मदत हवी आहे: जुनं चर्च हलवायला टाऊनशिपकडून पैसे मिळतात का?

पिंपळपान: नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. आमच्या इथलं जुनं चर्च पाडणार आहेत. बिल्डर म्हणतो फुकट घ्या पण ६० दिवसांत उचलून न्या. टाऊनशिप, म्हणजे इथली नगरपालिका, हलवायचा खर्च देते का, अर्ज कुठे करायचा? मंगळवारी कौन्सिलची मीटिंग आहे, बोलायला तीनच मिनिटं मिळतात. कुणी केलंय का हे? प्लीज लवकर सांगा.

वाटसरू: इथलं म्हणजे कुठलं? टाऊनशिप म्हणताय म्हणून अमेरिका धरतो, पण स्टेट कुठलं? दगडी आहे की लाकडी? हलवून नेणार कुठे, जागा आहे का?

पिंपळपान: न्यू जर्सी. लाकडी, १८८० च्या आसपासचं, वर छोटा मनोरा. जागा टाऊनशिपच्या पार्कात आहे, साधारण पाऊण मैल. आमची मराठी शाळा नऊ वर्षं त्याच्या तळघरात भरली, भाडं नावापुरतं घ्यायचे, पोरं तिथेच बाराखडी शिकली, म्हणून जीव तुटतोय.

गोंयकार: पाडू देऊ नका. गोव्यात साळावली धरणात कुर्डी गाव बुडालं तेव्हा तिथलं महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड न दगड सुटा करून दुसरीकडे पुन्हा उभं केलं. तुम्हीही प्रत्येक फळीवर नंबर घाला, सुटं करा, नेऊन जोडा.

सिव्हिलवाला: गोंयकारदादा, ते दगडी देऊळ होतं, त्याला ते बरोबरच. लाकडी चर्च सुटं केलं तर निम्म्या फळ्या खिळे काढतानाच फुटतील. इथे अख्खं घर उचलतात, खाली स्टीलचे बीम सारायचे, हायड्रॉलिक जॅकने वर घ्यायचं, चाकांवर ठेवायचं, मनोरा आधी वेगळा उतरवायचा. घर उचलण्यापेक्षा रस्त्यावरच्या वायरी वर घेणं आणि नवीन पाया यातच पैसा जातो. वाटेत वायरी किती?

गोंयकार: नीट काढल्या तर नाही फुटत. आमच्याकडे जुन्या घरांचे वासे, दारं अशीच काढून नव्या घरात लावतात.

उत्तररंग: मी स्वीडनला असते. किरुनाचं लाकडी चर्च ऑगस्ट २०२५ मध्ये अख्खंच नेलं, ६७२ टन, ५ किमी, दोन दिवस लागले, ९ मीटरचा रस्ता २४ मीटर केला होता. त्यामुळे होतं सगळं, धीर सोडू नका.

पिंपळपान: ताई, ते पाहिलंय, पण तिथे खाणीमुळे जमीन खचतेय म्हणून खाण कंपनीने खर्च केला. आमच्यामागे तसं कुणी नाही. माझा प्रश्न टाऊनशिपचा आहे.

कागदपत्र: आता मुद्द्याचं. प्रार्थना अजून चालते का तिथे? आणि हलवल्यावर चालणार आहे का?

पिंपळपान: चर्चची जुनी भक्तमंडळी पांगली, म्हणूनच विकलं. हलवल्यावर एक छोटी ख्रिस्ती मंडळी तिथे दर रविवारी प्रार्थना घेणार आहे, ते ठरलेलंच आहे. त्याचा काय संबंध?

कागदपत्र: त्याचाच सगळा संबंध आहे, हे आधी सांगायला हवं होतं! मॉरिस काउंटीने हेरिटेज फंडातून १२ चर्चना ४६ लाख डॉलर दिले होते. २०१८ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीला जनतेचा पैसा देणं स्टेटच्या घटनेत बसत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये प्रकरण ऐकायला घेतलं नाही. तुम्ही मंगळवारी "चर्चसाठी पैसे द्या" म्हणालात की टाऊनशिपचा वकील तिथेच थांबवेल.

वाटसरू: बरोबरच आहे की कोर्टाचं. माझ्या टॅक्समधून कुणाचंच देऊळ, मशीद, चर्च नको.

उत्तररंग: जवळजवळ दीडशे वर्षांचं सुतारकाम पाडल्यावर परत येतं का? इमारत गावाची असते.

वाटसरू: मग गावाने वर्गणी काढावी. आणि मराठी शाळेला लायब्ररीचा हॉल मिळतो, आम्हाला मिळालाय, फॉर्म पाठवू का?

पिंपळपान: हॉल नकोय हो. कागदपत्र, मग करू काय?

कागदपत्र: इमारत टाऊनशिपच्या किंवा नॉन-प्रॉफिटच्या नावावर जाऊ द्या, वापर म्युझियम आणि कम्युनिटी हॉल, रविवारची प्रार्थना या अर्जातून पूर्ण बाहेर. मुख्य म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या नॅशनल रजिस्टरवर आहे का ते आजच बघा. असेल तर मंजुरीआधी जागची हलवलीत की नाव आपोआप निघतं. आधी शिपोला, म्हणजे स्टेटच्या वारसा-जतन ऑफिसला पत्र, मग जॅक. आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवरचं २० टक्के टॅक्स क्रेडिट कुणी सुचवलं तर वेळ घालवू नका, ते उत्पन्न देणाऱ्या इमारतींनाच असतं.

सिव्हिलवाला: साठ दिवसांत शिपो, परमिट, वायरी काहीच होणार नाही. कौन्सिलकडे आधी मुदत मागा, पैसे नंतर.

गोंयकार: मे महिन्यात पाणी उतरलं की कुर्डीचे हिंदू-ख्रिस्ती दोघे परत जातात, आपापले उत्सव करतात. मोगूबाई कुर्डीकर तिथल्याच.

सूरसाधक: म्हणजे किशोरीताईंच्या आई ना? त्यांच्या गायकीवर वेगळा धागा काढा ना कुणीतरी.

पिंपळपान: रविवारची प्रार्थना वगळावी लागेल हे त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीला आज रात्री कसं सांगू कळत नाही, त्यांनीच मला हे चर्च वाचवायला लावलं. मंगळवारी आधी मुदत मागतो, मग पार्कची जागा. वायरी मोजल्या, अकरा ठिकाणी रस्ता ओलांडतात. सिव्हिलवाला, एका ठिकाणी वर घ्यायला साधारण किती लागतात?