कॅलिपर ब्रेकच्या रोड बाईकला नवीन चाकं: ४० हजारांत काय घ्यावं?

गोदाकाठ
सायकल: अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, शिमॅनो १०५ आर७००० गिअर-ब्रेक संच, ११ स्पीड (मागे ११ गिअर), कॅलिपर ब्रेक (रिमवर पॅड घासून थांबवणारा). चाकं क्विक रिलीज (खटक्याने निघणारी), हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी पुढे १०० मिमी, मागे १३०. सायकलसोबत आलेली चाकं जोडीला साधारण २ किलो, पुढे २० स्पोक, मागे २४. माझं वजन ८४ किलो. मागच्या चाकाचे कॅसेटच्या (मागच्या गिअर-चकत्यांच्या) बाजूचे दोन स्पोक हबपाशी वळणावर तुटलेत. दुकानात आउट (चाकाची वाकडी चाल) काढून घेतला की आठवडाभरात पुन्हा चाक हलायला लागतं.
राइड: नाशिकचा त्र्यंबक रोड, नांदुरीहून सप्तशृंगी गड, अधूनमधून इगतपुरीहून कसारा घाट उतरून परत. पावसाळ्यातही चालू असतं. ५० मिमी उंच कार्बन रिमची चाकं घ्यायचं मनात आहे. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले टायर) करावं का?

स्पोकचावी
कॅलिपर ब्रेक असेल तर कार्बन नको. कसारा उताराला ट्रकच्या मागे अडकलात की ब्रेक सतत दाबून धरावा लागतो. अ‍ॅल्युमिनियम ती उष्णता पटकन पसरवतं आणि हवेत सोडतं. कार्बनमध्ये ती ब्रेक घासतो त्याच पट्ट्यात साठते, कार्बन धरून ठेवणारं रेझिन मऊ पडतं आणि आतल्या हवेच्या दाबाने रिमची कड बाहेर फुगते. एकदा फुगलेली रिम दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावी लागते. आत लॅटेक्स ट्यूब असेल तर ती त्याआधीच फुटू शकते. शिवाय इगतपुरीच्या पावसात ओल्या कार्बनवर ब्रेक उशिरा लागतो आणि पॅडमध्ये अडकलेली खडी तो पट्टा खरवडते. अ‍ॅल्युमिनियमही झिजतंच, पण त्यावर झीज दाखवणारी खाच किंवा खड्डा असतो. तो दिसेनासा झाला की रिम बदलायची.

हलक्या चाकांचा हिशोबही करून बघा. तुम्ही, सायकल, पाणी मिळून ९५ किलो. चाकांत ४०० ग्रॅम वाचवले तर एकूण वजनाच्या अर्धा टक्काही नाही. गड चढायला ४० मिनिटं लागत असतील तर फायदा दहाएक सेकंदांचा. त्यासाठी ४० हजार? चांगले टायर घातले तर रोलिंगमध्ये याहून जास्त मिळेल.

ब्रह्मगिरी
तुमचा खरा आजार स्पोकचा आहे, त्यावर बोलू. मागच्या हबची उजवी कड कॅसेटमुळे मध्याच्या जवळ असते, म्हणून उजवे स्पोक जास्त ताणलेले आणि डावे साधारण निम्म्या ताणाचे. मशीनवर बांधलेल्या स्वस्त चाकात मुळातच ताण कमी ठेवलेला असतो. मग प्रत्येक फेऱ्यात खालचा स्पोक सैल होतो, वर जाताना पुन्हा ताणतो, आणि वळणावर थकून तुटतो. २४ स्पोक आणि ८४ किलो म्हटल्यावर हे व्हायचंच. नुसता आउट काढून भागत नाही. आउट निघतो, ताण तेवढाच राहतो.

हाताने बांधलेली चाकं घ्या. मागे ३२ स्पोक, पुढे २८. रिम अ‍ॅल्युमिनियमची, आतून १७ ते १९ मिमी रुंद. डीटी स्विस आर४६० (आतून १८) या कामाला उत्तम. स्पोक डबल बटेड (टोकांना २.० मिमी, मध्ये १.८), निपल (स्पोक रिमला आवळणारे नट) पितळेचे. अ‍ॅल्युमिनियमचे निपल पावसाळ्यात गंजून जाम होतात, चावी लावली की गोल होतात. हब शिमॅनो १०५. त्याचे छर्रे आणि कोन (छर्रे धरणारे शंकू) उघडून ग्रीस भरता येतं, पावसाळा संपला की एकदा भराच.

बांधून घेताना टेन्शन मीटर (स्पोकचा ताण मोजणारं साधन) असलेलाच माणूस गाठा. मागे उजवीकडे ११० ते १२० किलो ताण, पण रिमवर दिलेल्या कमाल मर्यादेच्या आत. एकाच बाजूच्या स्पोकमध्ये २० टक्क्यांहून जास्त फरक नको. शेवटी समांतर स्पोकच्या जोड्या हाताने घट्ट दाबून बघायच्या. टकटक आवाज येतो, पिळलेले स्पोक सरळ होतात. हे टाळलं की पहिल्याच राइडला आउट परत. आणि काही राइडनंतर एकदा ताण पुन्हा तपासून घ्यायचा.

गोदाकाठ
पटलं. मग २८ मिमी रुंद टायर बसेल का? आणि ट्यूबलेस?

स्पोकचावी
आर७००० कॅलिपर २८ पर्यंत घेतो, पण फ्रेमचं काय ते मोजायला हवं. आत्ताच्या टायरपासून चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या), सीटट्यूब (सीटखालची नळी) आणि ब्रेकच्या कमानीपर्यंत दोन्हीकडे किमान ४ मिमी मोकळं राहिलं पाहिजे. १८ आतली रुंदी असलेल्या रिमवर २८ चा टायर थोडा जास्तच फुगू शकतो, तेही धरा. बसला तर हवा मागे ७५-८० पीएसआय, पुढे ७०. २५ राहिला तर मागे ९०, पुढे ८५.

ट्यूबलेस घ्यायचंच असेल तर हुकलेस (टायर धरायला कडेला आकडा नसलेल्या) रिमपासून लांब राहा. त्यात दाबाची कमाल ५ बार, म्हणजे ७२ पीएसआय, आणि टायरही ठरावीकच चालतात. तुमच्या वजनाला २५ च्या टायरवर तो दाब पुरणार नाही. माझं मत विचाराल तर कॅलिपर ब्रेकच्या सायकलला साधी बुटाइल रबरची ट्यूबच बरी. ट्यूबलेसमधलं सीलंट (छिद्र बुजवणारं द्रव) इथल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी भरत बसा.

द्राक्षबाग
एरोची (हवेचा विरोध कमी करणाऱ्या उंच रिमची) बाजू कोणीच घेतली नाही म्हणून सांगतो. सपाटीला ३०-३५ मिमीची अ‍ॅल्युमिनियम रिम वाईट नाही. ५० मिमी मात्र द्वारका ते मुंबई नाका उड्डाणपुलावर ट्रक शेजारून गेला की हँडल ओढते.

ऑर्डर देताना फ्रीहब (हबवर कॅसेट चढते तो भाग) एचजी ११ स्पीड लिहून घ्या. मायक्रो स्प्लाइन किंवा एक्सडीआर अशा वेगळ्या खाचांचा आला तर तुमची कॅसेट चढणार नाही. ११ स्पीडच्या बॉडीवर कधी १० स्पीड रोड कॅसेट लावलीत तर मागे १.८५ मिमीचा स्पेसर लागतो, आणि शिमॅनोच्या बहुतेक १० स्पीड रोड कॅसेटना त्यासोबत आणखी १ मिमीचा. कॅसेटची लॉकरिंग ४० न्यूटन मीटरने आवळा.

नवी रिम जुनीपेक्षा रुंद असेल तर ब्रेकची केबल सैल करून पॅड पुन्हा बसवा. पॅड टायरला घासत नाही ना ते चाक फिरवून बघा. टायरची भिंत कापली गेली तर घाटातच कळतं.