शब्दचर्चा: रोमन 'जगा'ला मराठीत काय म्हणावं? आणि त्याच्या कानाखालच्या मुखवट्याला?

ओसरीवरून
नमस्कार मंडळी. एका छोट्या प्रदर्शनासाठी रोमन धातुभांड्यांवरचा मजकूर मराठीत करायला घेतलाय. पहिल्याच पाटीवर अडले. मी लिहिलं होतं, 'रोमन जगाची मूठ इंग्लंडमधल्या शेतात सापडली.' ज्यांनी काम दिलं त्यांचा फोन: "रोमन जगाची मूठ म्हणजे सत्ता वगैरे का?" हसावं की रडावं! तो जग (पाण्याचा) आणि ते जग (दुनिया), दोघांचंही 'जगाचा, जगात, जगावर'च होतं. 'जग सापडला' म्हटलं की पुल्लिंगावरून कळतं, पण विभक्ती लागली की संपलं.

तर दोन प्रश्न:
१. या भांड्याला चांगला शब्द कोणता? एका बाजूला उभी वळणदार मूठ, गोल पोट, निमुळता गळा, ओतायला तोंड. नळी नाही.
२. ती मूठ खाली पोटाला जिथे चिकटते तिथे एक चपटा तुकडा असतो. बहुतेकदा त्यावर मेड्युसाचा (केसांच्या जागी साप असलेली ती), सॅटरचा (अर्धा माणूस, अर्धा पशू) किंवा मद्याचा देव बॅकसच्या परिवारातल्या कुणाचा तरी चेहरा. इंग्रजीत त्याला एस्कचन म्हणतात, म्हणजे मुळात ढाल. 'ढाल' लिहिलं तर पुन्हा फोन येईल.

शब्दखोर
झारी. प्रश्न मिटला.

पारावरचा
नाही मिटला. झारीला तोटी लागते. 'झारीतील शुक्राचार्य' म्हणतो आपण, ते का? बळीराजा वामनाला दानाचं पाणी सोडणार तेवढ्यात शुक्राचार्य तोटीत जाऊन बसले आणि धार अडली. वामनाने दर्भ खुपसला आणि आचार्यांचा डोळा गेला. आता हीच गोष्ट रोमन भांड्यात बसवून बघा. तळहाताएवढं उघडं तोंड, आचार्य अडवणार काय? बागेतली झारी असो की देवघरातली, नळी आली की झारी.

सुरईही नको. सुरईला लांब मान असते पण धरायला काही नसतं, मानेलाच धरतात. शिवाय सुरई म्हटलं की डोळ्यांपुढे माती येते आणि गार पाणी.

ओसरीवरून
पटलं. मग तांब्या? गडू? चंबू?

तांबटआळी
भांड्यांच्या दुकानात वाढलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी 'मूठ' काढून टाका. मूठ तलवारीला, छत्रीला, जात्याच्या खुंट्याला फार तर. इंग्रजी हँडल या एका शब्दात आपले चार शब्द जातात आणि ते चारही वेगळे आहेत. बादलीला कडी, म्हणजे वरून जाणारी, हलणारी. पळीला आणि तव्याला दांडा, सरळ बाहेर गेलेला. कढईला आणि कपाला कान. कान तुटलेला कप प्रत्येक घरात एक असतोच, आमच्याकडे त्याने पीठ मोजतात. त्याला कुणी 'मूठ तुटलेला कप' म्हणत नाही. तुमच्या वर्णनातली वस्तू कान आहे. उभा, वळलेला, बाजूला लागलेला.

भांडं म्हणाल तर चंबू जवळचा. पोट गोल, गळा आवळलेला, काठ बाहेर पसरलेला. फक्त चंबूला कान नसतो. म्हणून 'कानाचा चंबू' म्हणा, 'कानाचा कप' म्हणतो तसं.

आता जोडणीचं. कढईचे कान आम्ही रिबिट मारून बसवतो, पोटाला भोक पाडून. पाणी ओतायच्या भांड्याला भोक पाडायला जीव होत नाही. तिथे डाख देतात. कथील आणि शिसं वितळवून, नवसागर टाकून, सांधा घासून स्वच्छ करायचा आणि गरम असतानाच कान दाबून धरायचा. हे काम दिसायला सोपं आहे. पण कान पोटाला फक्त रेघेएवढाच टेकला तर डाख धरत नाही, महिन्यात कान हातात येतो. टेकायला रुंद, पोटाच्या गोलाईला मिळताजुळता तुकडा लागतो. तुमचा चेहरेवाला तुकडा त्यासाठीच असणार. शोभा नंतरची.

पारावरचा
तांबटदादा, अगदी बरोबर पकडलंत. रोमन कारागिरांचं गणित हेच होतं. पोट पत्र्यातून ठोकून उठवायचं किंवा ओतायचं, मग लेथवर फिरवून साफ करायचं. बुडाखाली एकात एक वर्तुळं दिसतात ती लेथचीच. कान मात्र वेगळा, मेणाच्या नमुन्यावरून केलेल्या साच्यात ओतलेला. मग दोन्ही शिसं-कथलाच्या डाखाने जोडायचे. हा डाख वितळतो कमी उष्णतेवर आणि जमिनीत ओलीने कुजतोही लवकर. पोटाचा पत्रा पातळ, तो फाटतो, चेपतो, भंगारात जातो. ओतीव कान भरीव, तो टिकतो. म्हणून ब्रिटनमध्ये शेतांत मेटल डिटेक्टरवाल्यांना सापडतात ते बहुतेक सुटे कान, किंवा सुटे मुखवटे. १९९७ पासून तिथे अशा सापडलेल्या वस्तू स्वेच्छेने नोंदवायची राष्ट्रीय योजना आहे. तिच्यात चंबूविना कान आणि कानाविना चेहरा अशा नोंदी भरपूर.

कासारघाट
मला 'कान' हा शब्द ग्राम्य वाटेल अशी भीती होती. म्हणजे संग्रहालयाच्या पाटीवर 'कान' लिहायचं? 'मुष्टिका', 'धारक' असं काहीतरी बरं दिसलं असतं.

पारावरचा
ग्राम्य? अहो, होमर म्हणतो कान! इलियडच्या अकराव्या सर्गात नेस्टरचा पेला येतो, त्याला चार कान होते असं सरळ लिहिलंय. ग्रीकमध्ये कानाला शब्द आहे 'ऊस' (आपला ऊस नव्हे), आणि भांड्याच्या धरायच्या जागेलाही तोच.

त्याहून जुनी गंमत सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय राहवणार नाही. ग्रीसमध्ये पिलोसला पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगन यांना मातीच्या पाट्या सापडल्या होत्या, रेषीय-ब (इंग्रजीत 'लिनियर बी') या तोवर न वाचलेल्या प्राचीन लिपीतल्या. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदाने या लिपीतली भाषा ग्रीक आहे असं जाहीर केलं, तेव्हा विश्वास ठेवणारे थोडे होते. १९५३ मध्ये ब्लेगननी व्हेंट्रिसची अक्षरमूल्यं वापरून एक पाटी वाचली. भांड्यांची यादी होती. शब्द आला 'ती-री-ओ-वे', शेजारी तीन कानांच्या भांड्याचं चित्र. 'क्वे-तो-रो-वे', चित्रात चार कान. आणि 'अ-नो-वे', म्हणजे बिनकानी, तिथे चित्रातल्या भांड्याला कानच नाही! लिपी बरोबर वाचली गेली याचा हा ढळढळीत पुरावा ठरला. एका लिपीचा खटला भांड्यांच्या कानांनी जिंकला, आणि आपण पाटीवर 'कान' लिहायला लाजतोय.

शब्दखोर
बरं, झारी मागे घेतो. भर घालतो: संस्कृतातही 'कर्ण'चा एक अर्थ भांड्याचा कान असा कोशात आहे, आणि दाखला थेट ऋग्वेदाच्या आठव्या मंडलाचा. 'उभा कर्णा हिरण्यया', दोन्ही कान सोन्याचे. तेव्हा कासारघाटताई, फारच संस्कृत हवं असेल तर 'कर्ण' घ्या. पण 'कान' असताना कशाला?

लॅटिनवाले मात्र कान म्हणत नाहीत. त्यांचा शब्द 'आन्सा'. शनीची कडी सुरुवातीच्या दुर्बिणींतून दिसली तेव्हा ती ग्रहाला दोन्ही बाजूंनी लावलेल्या कानांसारखी वाटली. आजही खगोलवाले कड्यांच्या दोन टोकांना आन्साच म्हणतात.

ओसरीवरून
कान पक्का. चंबूवर अजून थोडं मन अडतंय. चंबू म्हटलं की 'चंबूगबाळं आवरा' आठवतं. या वस्तू जरा भारदस्त आहेत. नॉर्मंडीत बर्तूव्हीलला १८३० मध्ये नांगरताना सापडलेल्या दोन चांदीच्या जगांवर ट्रॉयच्या युद्धाचे प्रसंग उठवलेत. पाँपेईजवळ बोस्कोरेआलेला १८९५ मध्ये सापडलेली चांदीच्या जगांची जोडी पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. तिला चंबू?

तांबटआळी
चांदीचा चंबू आमच्या दुकानात लग्नसराईत शोकेसच्या मधल्या फळीवर असतो. भारदस्तपणा शब्दात नाही, तोळ्यात असतो.

पंचगंगाकाठ
कोल्हापूरचा माणूस गप्प कसा बसेल. आमच्याकडे ब्रह्मपुरीच्या टेकाडात, पंचगंगेच्या काठावर, १९४४च्या सुमारास धातूच्या वस्तूंचा साठा निघाला. त्यात पोसायडन म्हणजे रोमनांच्या नेपच्यूनची छोटी मूर्ती होती आणि रोमन बनावटीचा जगही. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे सांकलिया आणि दीक्षितांनी तिथे पद्धतशीर खणलं. टाउन हॉल म्युझियममध्ये जाऊन पोसायडन बघाच. शाळेच्या सहलीत आम्हाला 'समुद्राचा देव' सांगितलं होतं आणि आम्ही सगळे विचारात, की हा समुद्र सोडून घाट चढून कशाला आला.

आला व्यापारातून. पेरिप्लस या समुद्री व्यापारावरच्या जुन्या ग्रीक पुस्तकात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे: इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, आणि राजासाठी चांदीची भांडी. त्यातच पैठण आणि तेरची नावं येतात. तेव्हा ही भांडी आपल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी हाताळलीत. त्यांनी त्यांना काहीतरी म्हटलंच असेल!

आणखी एक, सुट्या कानाबद्दल. बडोद्याजवळच्या अकोट्याला (विदर्भातलं अकोट नव्हे) रोमन जगाचा नुसता कान मिळालाय, त्यावर इरॉस, ग्रीकांचा प्रेमदेव. भांडं गेलं, कान राहिला. ब्रिटनच्या शेतात जे, तेच गुजरातेत.

कासारघाट
'रोमन जगाचा नुसता कान' 😄 केलंतच शेवटी!

दुसरं: 'काशाचा जग' असं कुठे कुठे लिहिलेलं दिसतं. ब्राँझला सरसकट कासं म्हणणं मला खटकतं. काशाच्या वाटीत पाच भागांत जवळजवळ एक भाग कथील, म्हणून ती वाजते आणि आपटली तर तडकते. रोमन पत्र्यात कथील त्याहून बरंच कमी, आणि ओतीव कानात बऱ्याचदा शिसंही घातलेलं. काही तर पितळेचे. पाटीवर 'ब्राँझ' किंवा 'तांब्याचा मिश्रधातू' लिहावं.

ओसरीवरून
हे लिहून घेतलं. आता मुखवटा. काय म्हणायचं?

शब्दखोर
कानाची पाळी! खालचं टोक ते पाळी.

कासारघाट
शब्दखोर, ती पाटी शाळेच्या सहली वाचणार आहेत.

शब्दखोर
मग कानशील. कान जिथे चेहऱ्याला लागतो ती जागा. आणि तिथे खरंच चेहरा आहे.

तांबटआळी
कानशील गोड आहे, पण कारागीर म्हणणार नाही. आम्ही म्हणू कानाची बैठक. चेहरा असो, पान असो, सिंहाचा पंजा असो, बैठकच. भांड्याच्या खालच्या भागाला बूड म्हणा म्हणजे गोंधळ नको.

पारावरचा
बैठक उत्तम. आणि बैठकीवर चेहरा असेल तर 'मुखवटा' हा शब्द इथे उसना नाहीच. गौरीचा पितळी मुखवटा पोकळ, मागून सपाट-खोलगट, समोरून चेहरा. तुमचा मेड्युसा मागून असाच दिसतो, आत डाखाचा करडा थर राहिलेला.

वरच्या टोकाचं विसरू नका. कान काठाला येतो तिथे दोन बाहू फुटतात आणि काठाला कवळतात. त्यांची टोकं पुष्कळदा पक्ष्यांच्या डोक्यांची, चोची बाहेर काढलेल्या. मधोमध वर उठलेलं पान किंवा जीभ असते, ओतताना अंगठा ठेवायला. तिला 'अंगठ्याची टेक' म्हणा. आणि तीन पाकळ्यांसारखं चिमटलेलं तोंड असेल तर 'तिपाकळी'.

पंचगंगाकाठ
हे चंबू एकटे नसायचे ना? जोडीला दांड्याचं पसरट भांडं असतं असं वाचलंय.

पारावरचा
हो. जेवणाआधी किंवा देवाला अर्पण करताना हात धुवायची जोडी. गुलाम चंबूने पाणी घालायचा, खाली दांड्याचं पात्र धरायचा. इंग्लंडमधल्या बार्टलोच्या (पूर्वी एसेक्समध्ये, आता केंब्रिजशायरमध्ये) रोमन थडग्यांत अशी जोडी १८३०च्या दशकात निघाली होती. तिथल्या वस्तू ज्या वाड्यात ठेवल्या त्याला १८४७ मध्ये आग लागली आणि बहुतेक गेल्या. आपल्याकडे या खालच्या भांड्याला शब्द आहे, तस्त. फारसीतून आला, वाड्यांतून हात धुवायला आणि चूळ टाकायला असायचं. फक्त तस्ताला दांडा नसतो.

तांबटआळी
मग 'दांड्याचं तस्त'. कानाचा चंबू आणि दांड्याचं तस्त. लग्नात द्यायला बरी जोडी.

ओसरीवरून
पाटी अशी केली. बघा:

'कानाच्या चंबूचा सुटा कान. रोमन, ब्राँझ. वरचे दोन बाहू चंबूच्या काठाला कवळत, त्यांची टोकं पक्ष्यांच्या डोक्यांची. मधे अंगठ्याची टेक. खालच्या बैठकीवर मेड्युसाचा मुखवटा, मागे डाखाच्या खुणा. चंबू सापडलेला नाही.'

कासारघाट
'कानाच्या चंबूचा सुटा कान', दोनदा कान. पहिला काढा.

ओसरीवरून
काढला. 'रोमन चंबूचा सुटा कान.' आता फोन आला तर तुम्हा सगळ्यांचे नंबर देते.