सुरुवातीच्या केबल टीव्हीवर तीनच चॅनेल का असायची?

तरंगलांबी (प्रश्न)

इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी केबल टीव्हीची सुरुवात हा विषय घेतलाय, म्हणजे अमेरिकेतला १९४८ ते साधारण १९६५ चा काळ. इतिहास भरपूर मिळतोय, पण तीन गोष्टी काही केल्या उलगडत नाहीत.

पेनसिल्व्हेनियातल्या लॅन्सफर्डला १९५० मध्ये जी केबल सुरू झाली, तिच्यावर फिलाडेल्फियाची तीनच चॅनेल होती. कोॲक्सियल वायर टाकलीच होती, तर तिच्यातून तेव्हाच दहा-बारा चॅनेल का नाही सोडली? दुसरं, दर थोड्या अंतरावर खांबाखांबाला ॲम्प्लिफायर टांगत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच एक दणदणीत ॲम्प्लिफायर का नाही लावला? आणि तिसरं, पहिली केबल नक्की कुणाची? प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव वाचायला मिळतं.

जुनीकात्रणे

तिसऱ्याचं मी सांगतो, बाकीचं लाइनवर काम केलेली माणसं सांगतील.

तुला बहुतेक दोन नावं सापडली असतील. पेनसिल्व्हेनियातल्या महनॉय सिटीचे जॉन वॉल्सन घरगुती उपकरणांचं दुकान चालवायचे. गाव डोंगरांच्या कुशीत, त्यामुळे दुकानातले टीव्ही लावून दाखवायचीच पंचाईत. त्यांनी डोंगरावर ॲन्टेना उभारला आणि तिथून वायर खाली गावात आणली. हे जून १९४८ मधलं, असं त्यांचं म्हणणं होतं. पण त्या काळची कागदपत्रं पुढे आगीत गेली. दुसरे ओरेगॉनमधल्या ॲस्टोरियाचे एड पार्सन्स. सिएटलचं पहिलं स्टेशन २५ नोव्हेंबर १९४८ ला सुरू झालं. ॲस्टोरियापासून ते २०० किलोमीटरच्या आसपास. पार्सन्सनी गावातल्या हॉटेलच्या गच्चीवर ॲन्टेना लावून सिग्नल पकडला, आधी स्वतःच्या घरी आणि मग वायर टाकून इतरांकडे नेला.

म्हणून 'पहिला' म्हणताना नेमकं काय पहिलं ते लिही. लॅन्सफर्डच्या रॉबर्ट टार्लटनचं महत्त्व वेगळं आहे. सुरुवातीपासून पैसे भरणारं गिऱ्हाईक गृहीत धरून त्यांनी अख्ख्या गावासाठी यंत्रणा आखली. जोडणीचे १२५ डॉलर, महिन्याला ३ डॉलर.

आणखी एक गोष्ट सेमिनारमध्ये सोडू नकोस. ३० सप्टेंबर १९४८ पासून एप्रिल १९५२ पर्यंत अमेरिकन सरकारने नव्या टीव्ही स्टेशनांचे परवाने रोखून धरले होते. लहान गावांना स्वतःचं स्टेशन मिळायची आशाच नव्हती. केबल फोफावली ती याच साडेतीन वर्षांत.

खांबावरचा

मी बावीस वर्षं केबलच्या लाइनवर काढली, त्यातली पहिली सहा शिडी खांद्यावर घेऊन. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा उत्तर लांबणार.

आधी तुझा दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे. वायरमधला लॉस वजाबाकीने होत नाही, भागाकाराने होतो. शंभर मीटरमध्ये सिग्नल निम्मा झाला तर पुढच्या शंभरात त्या निम्म्याचा निम्मा. ट्रंक लाइनवर, म्हणजे ॲन्टेनाकडून गावात येणाऱ्या मुख्य वायरवर, दोन ॲम्प्लिफायरमध्ये २२ डेसिबलचा लॉस ठेवायची पद्धत पुढे रूढ झाली. असे वीस टप्पे धर. एकूण ४४० डेसिबल. दर १० डेसिबलला पॉवर दहापट घटते, म्हणजे पॉवरमध्ये एकावर ४४ शून्यं. टीव्हीला स्वच्छ चित्रासाठी एक मिलिव्होल्ट लागतो. ७५ ओहमवर ती एका वॉटच्या साडेसात कोटीव्या भागाइतकी पॉवर. गुणाकार केलास तर तुझ्या 'दणदणीत' ॲम्प्लिफायरला सूर्याच्या साडेतीनशे कोटी पट पॉवर टाकावी लागेल. म्हणून सिग्नल थोडा खाली गेला की लगेच उचलायचा, परत खाली जाऊ द्यायचा, परत उचलायचा. दुसरा मार्गच नाही.

आता पहिला प्रश्न. कोॲक्सियलचा लॉस फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या हिशेबात वाढतो. अमेरिकन चॅनेल २ सुरू होतं ५४ मेगाहर्ट्झला आणि चॅनेल १३ संपतं २१६ ला. बरोबर चौपट, म्हणजे लॉस दुप्पट. ज्या तुकड्यात १३ नंबर २२ डेसिबल पडतो, त्याच तुकड्यात २ नंबर ११ च पडतो. एकाच टप्प्यात हा फरक. वीस टप्प्यांनंतर काय होईल ते तूच बघ. शिवाय त्या काळच्या व्हॉल्व्हना (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) ५४ ते २१६ एवढा रुंद पट्टा एकसारखा उचलणं झेपतच नव्हतं.

मग त्यांनी वरचा पट्टा सोडूनच दिला. वरच्या बँडचं चॅनेल ॲन्टेनाच्या पायथ्याशीच खालच्या एखाद्या रिकाम्या चॅनेलवर उतरवायचं, आणि वायरवर फक्त २ ते ६ चालवायची. प्रत्येक चॅनेलला वेगळा ॲम्प्लिफायर, त्याला स्ट्रिप म्हणायचे. तीन चॅनेल म्हणजे प्रत्येक ठिकाणी तीन स्ट्रिप, प्रत्येकीचं ट्यूनिंग वेगळं. टार्लटननी वापरलेले जेरॉल्ड कंपनीचे ॲम्प्लिफायर मुळात अपार्टमेंटच्या सामायिक ॲन्टेनासाठी होते. एवढा माल एका छोट्या गावात का जातोय, हे पाहायला कंपनीचे संस्थापक मिल्टन शॅप स्वतः लॅन्सफर्डला गेले, आणि तिथून जेरॉल्ड केबलच्या धंद्यात उतरली. हेच शॅप पुढे पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर झाले.

पण २ ते ६ म्हणजे पाच झाली, मग तीनच का? दोष टीव्ही सेटचा. एका चॅनेलचा आवाजाचा कॅरिअर (माहिती वाहून नेणारी लहर) आणि त्याच्या वरच्या चॅनेलचा चित्राचा कॅरिअर यांच्यात फक्त दीड मेगाहर्ट्झ अंतर. हवेतून ही अडचण येत नव्हती, कारण एका शहरात लगतची दोन चॅनेल देतच नसत. सेटही त्याच भरवशावर बनवलेले. वायरवर मात्र शेजारचं चॅनेल तेवढ्याच जोरात येऊन धडकणार आणि चित्रावर जाळी उमटणार. २, ३, ४ एकाला एक चिकटून. ४ आणि ५ मध्ये चार मेगाहर्ट्झची मोकळी जागा. ५, ६ पुन्हा चिकटून. शेजार टाळून निवडायला बस बरं. २, ४, ६ घे नाहीतर २, ४, ५. तीनच्या वर जाता येत नाही. पुढे हेडएंडला, म्हणजे ॲन्टेनाजवळ जिथून वायर सुरू होते तिथे, आवाजाचा कॅरिअर चित्राच्या १५ डेसिबल खाली ठेवायला लागले, तेव्हा पाचही चॅनेल शेजारी शेजारी नांदायला लागली.

कोरीपाटी

काका, मग स्ट्रिपऐवजी रुंद पट्ट्याचा ॲम्प्लिफायर कसा जमला? व्हॉल्व्ह तर तेच होते ना?

खांबावरचा

व्हॉल्व्ह तेच, मांडणी बदलली. ही मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात सुंदर युक्ती वाटते.

दोन व्हॉल्व्ह नुसते समांतर जोडले तर ताकद दुप्पट होते, पण कपॅसिटन्सही दुप्पट होतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सी तिथेच गुदमरतात. विल्यम पर्सिव्हलनी १९३६ मध्ये इंग्लंडात यावर पेटंट घेतलं होतं. व्हॉल्व्हच्या मध्ये छोट्या कॉइल घालायच्या, म्हणजे त्यांचे कपॅसिटन्स हेच एका कृत्रिम लाइनचे भाग होऊन बसतात. सिग्नल त्या लाइनवरून पुढे सरकत जातो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह आपली भर त्याच वेळी दुसऱ्या लाइनवर टाकतो. रांगेतल्या माणसांनी पुढे सरकणाऱ्या घमेल्यात एकेक मूठ टाकावी, तसं. ताकदीची बेरीज होते, कपॅसिटन्सची होत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या स्पेन्सर-केनेडी लॅबोरेटरीजने हा प्रकार केबलवर आणला आणि बाराही चॅनेल एका डब्यातून जायला लागली. किंमत अशी मोजावी लागली की बेरीज म्हणजे गुणाकार नव्हे. थोड्याशा गेनसाठी, म्हणजे सिग्नलच्या वाढीसाठी, व्हॉल्व्हची रांगच्या रांग तापत ठेवायची.

स्ट्रिपचा आणखी एक रोग यातून गेला. एकाच्या मागे एक ट्यून केलेले सर्किट लावले की पट्टा दर टप्प्याला थोडा थोडा आक्रसतो. काळ्या-पांढऱ्या चित्रात बारकावे पुसट व्हायचे, तेवढं लोक चालवून घेत. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्हीचं स्टँडर्ड मंजूर झालं. रंगाची माहिती चित्राच्या कॅरिअरपासून ३.५८ मेगाहर्ट्झवर, पट्ट्याच्या अगदी कडेला. कड कापली गेली की रंग गेला.

आता बारा चॅनेल एका डब्यातून गेली की नवं दुखणं सुरू होतं, आणि ते मी स्वतः केलंय. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. लाइनच्या शेवटच्या घरातून तक्रार आली, चित्रात मुंग्या. मी मधल्या एका ॲम्प्लिफायरचं आउटपुट सहा डेसिबलने वाढवून आलो आणि मुंग्या गेल्या. संध्याकाळी त्या डब्याच्या पुढच्या सगळ्या घरांत चित्रावरून एक उभा पट्टा गाडीच्या वायपरसारखा हळूहळू सरकताना दिसायला लागला. ते क्रॉस मॉड्युलेशन. एका चॅनेलचे सिंक (चित्राच्या ओळी जुळवणारे पल्स) दुसऱ्यावर उमटतात. आउटपुट एक डेसिबल वाढवलं की हा दोष चित्राच्या तुलनेत दोन डेसिबलने बळावतो. मी सहा वाढवले म्हणजे बारा डेसिबलचं नुकसान करून ठेवलं होतं. माझ्या वरिष्ठांनी रात्री मला परत त्याच खांबावर चढवलं, मीटर हातात दिला आणि आउटपुट पूर्ववत करायला लावलं. खरा दोष पुढच्या जोडणीत होता.

तिथे जुन्या पद्धतीचा प्रेशर टॅप होता. वायरला भोक पाडून आत पिन घुसवायची आणि घराला सिग्नल द्यायचा. पिन काढली तर भोकातून पाण्याचा थेंब आला, आतली तांब्याची जाळी हिरवीगार. वायर कापत मागे गेलो तर पाणी जाळीतून हातभर आत शिरलेलं. अशा प्रत्येक भोकापाशी सिग्नलचा थोडा भाग उलटा फिरतो आणि चित्राच्या उजवीकडे फिकी सावली दिसते. सावलीच्या अंतरावरून बिघाडाची जागा काढता येते: शंभर मीटर अंतरावरच्या दोन दोषांत सिग्नल उलटसुलट फिरला तर साधारण एक मायक्रोसेकंद जास्त लागतो, आणि पडद्यावर सावली रुंदीच्या पन्नासाव्या भागाइतकी सरकते. साठच्या दशकात डायरेक्शनल कपलर (सिग्नलचा थोडा भाग घराकडे वळवणारे जोड) आले आणि भोकं पाडणं थांबलं. मला विचारशील तर ट्रान्झिस्टरइतकीच मोठी सुधारणा ही होती.

ट्रान्झिस्टरबद्दल थोडक्यात: साठच्या दशकात ते आले, डब्याची भूक कमी झाली आणि कोॲक्सियलमधूनच ३० व्होल्ट एसी पाठवून सगळे डबे चालवता आले. खांबाखांबावर वेगळं वीज कनेक्शन घ्यायची गरज संपली.

तरंगलांबी

काका, मनापासून आभार. एकच शंका. सुरुवातीला लाइन नीट जुळवली की मग रोज काम काय असायचं?

खांबावरचा

हवामान. वायरचा लॉस दर अंश सेल्सिअसला साधारण ०.२ टक्क्याने बदलतो. ऐकायला किरकोळ वाटतं. आपल्या ४४० डेसिबलच्या लाइनवर पहाट आणि दुपार यांत २५ अंशांचा फरक पडला तर पाच टक्के, म्हणजे २२ डेसिबल. एक अख्खा ॲम्प्लिफायर दुपारी गायब होतो आणि पहाटे परत येतो! ऑटोमॅटिक गेन कंट्रोल येईपर्यंत हे माणसांनी खांबावर चढून हाताने सांभाळलं. उन्हाळ्याची जुळवणी वेगळी, थंडीची वेगळी.

सेमिनारला नुसत्या स्लाइड दाखवू नकोस. कॉलेजच्या लॅबमध्ये जुन्या कोॲक्सियलचं पन्नास-शंभर मीटरचं भेंडोळं मिळालं तर सिग्नल जनरेटरवरून आधी ५४ आणि मग २१६ मेगाहर्ट्झ सोडून दोन्हीकडचा लॉस मोज. दोन्ही टोकांना ७५ ओहम नीट जुळलेले हवेत, नाहीतर आकडे नाचतील. दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट किंवा किंचित जास्त आला पाहिजे. मग तेच भेंडोळं तासभर उन्हात ठेवून परत मोज, आणि चारही आकडे इथे टाक. मला बघायचेत.