मदत हवी आहे: फवारणी करूनही गोचीड परत येतात, एक गाय गेली, दुसरी आजारी आहे

नमस्कार. आमच्याकडे चार गायी, दोन कालवडी आणि तीन महिन्यांचं एक वासरू आहे. महिन्यापूर्वीपर्यंत गायी पाच होत्या.

पाचवी चांदी. संकरित, दुसऱ्या वेताची. व्यायल्यावर पंधरा दिवसांत तिने चारा सोडला, दूध निम्म्यावर आलं. वेताचा अशक्तपणा असेल म्हणून आम्ही दोन दिवस गूळपाणी देत बसलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा ताप १०६ होता, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी फुगली होती आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. रक्ताच्या तपासणीत थायलेरिया निघाला, म्हणजे गोचीडताप. ब्युपार्व्हाक्वोनचं इंजेक्शन दिलं, पण अंगात रक्तच उरलं नव्हतं. सहाव्या दिवशी पहाटे ती गेली. ते दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आता तांबूला ताप आहे. तिची गाठ फुगलेली नाही, पण लघवी काळ्या कॉफीसारखी होत होती. या वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावलं. तपासणीत बबेसिया (हाही गोचिडातूनच येणारा जंतू) निघाला, इंजेक्शन झालं, आज तिने थोडा हिरवा चारा खाल्ला. एकाच गोठ्यात महिन्याभरात दोन वेगवेगळे आजार कसे?

आम्ही काही करत नाही असं नाही. दर आठ दिवसांनी अमिट्राझ फवारतो, लिटरला २ मिली. चार दिवस अंग स्वच्छ दिसतं, मग कानात आणि कासेवर पुन्हा गोचीड. गेल्या खेपेला वैतागून लिटरला ४ मिली घातलं, तर एक गाय दिवसभर मान टाकून सुस्त उभी राहिली. घाबरून आता फवारणीच थांबवली आहे. त्यात दुपारच्या माश्या. गायी सारखे पाय आपटतात, एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, रवंथसुद्धा धड करत नाहीत.

औषध बदलू का? इंजेक्शन बरं की पाठीवर ओतायचं औषध? वासराला काय करू? कुणाच्या गोठ्यातून हे खरंच गेलं असेल तर काय केलंत ते सांगा. कृपया घाईने एका ओळीत औषधाचं नाव देऊ नका, मला नीट समजून घ्यायचं आहे.

प्रतिसाद १

ताई, चांदीचं वाचून वाईट वाटलं. आमच्याही दोन गेल्या आहेत, म्हणून लिहितो.

आज रात्री बॅटरी घेऊन गोठ्यात जा आणि गायींकडे नाही, भिंतींकडे बघा. भेगा, गव्हाणीच्या खालची बाजू, खांब जमिनीत शिरतो ती जागा, दाराच्या चौकटीमागची फट. आम्ही चार वर्षं फक्त गायी फवारत होतो. एका रात्री भेगेत सुरी घातली तर मसुराच्या डाळीसारखे गोचीड ओंजळभर बाहेर पडले.

आम्ही आधी भेगा खरवडल्या, सिमेंटने बुजवल्या, मग आतून चुना मारला. बुजवण्याआधी गायी बाहेर काढून भेगांत औषध मारलं. गवताचं छप्पर किंवा लाकूड नसेल तर दगडी भिंतीवर ज्योतही फिरवता येते, पण आगीचं भान ठेवून. एका वेळेत संपत नाही. अंडी मागे राहतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच करावं लागलं.

आणि एक विचारतो, चार गायींना मिळून किती पाणी फवारता?

धागाकर्ती

एका पंपात दोन लिटर. त्यात चौघी होतात.

प्रतिसाद २

मी पशुवैद्यक आहे. तुमची अडचण याच दोन लिटरांत आहे. मोठ्या गाईला एकटीला तीन ते पाच लिटर द्रावण लागतं. केसांच्या मुळापर्यंत अंग भिजलं पाहिजे. कानाच्या आत (डोळे सांभाळून), मानेच्या पोळीखाली, जांघेत, कासेच्या मागे, शेपटीखाली. गोचीड नेमके तिथे बसतात आणि वरवरच्या फवाऱ्यातून तेच सुटतात. अर्धवट मात्रेतून वाचलेल्यांची पिल्लं पुढे औषधाला दाद देत नाहीत. म्हणून कमी पाणी वाईट, आणि त्यावर उपाय म्हणून औषध दुप्पट करणं त्याहून वाईट. गाय सुस्त झाली ती त्यानेच.

दोन आजार का, तर गोचीड दोन जातींचे आहेत. थायलेरिया पसरवणारा हायलोमा गाईवरून उतरून भिंतीच्या फटीत कात टाकतो आणि भूक लागली की पुन्हा चढतो. तांबूला ज्याने गाठलं तो ऱ्हिपिसेफॅलस. तो पिल्लू असताना चढला की साधारण तीन आठवडे त्याच गाईवर राहतो. मग मादी खाली पडून दोन-तीन हजार अंडी घालते, आणि त्या अंड्यांतून निघणारी पिल्लं बबेसिया घेऊनच जन्मतात. ती गवताच्या शेंड्यावर वाट बघत बसतात. म्हणून एकासाठी भिंत आणि दुसऱ्यासाठी चराऊ जागा, दोन्ही सांभाळाव्या लागतात. एक तुकडा काही महिने मोकळा सोडता आला तर जरूर सोडा.

हे आपल्याला कळलं त्याला फार काळ झाला नाही. १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी बबेसियाचा ताप गोचिडांतून पसरतो हे सिद्ध केलं. त्यांनी रोगट भागातल्या गुरांच्या अंगावरचे गोचीड हाताने वेचून काढले. अशी गुरं निरोगी गुरांत ठेवली तरी रोग लागला नाही. तेव्हा वेचणीला कमी लेखू नका. हायलोमा चिकटल्यावर थायलेरियाचे जंतू त्याच्या लाळेत तयार व्हायला दोन-तीन दिवस जातात, त्यामुळे रोज संध्याकाळी हात फिरवून काढलेला गोचीड पुष्कळदा वेळेत निघतो. मात्र उघड्या हाताने नको, आणि नखाने चिरडू तर मुळीच नका. हायलोमातून माणसालाही क्रिमियन काँगो हा जिवावरचा ताप होऊ शकतो. हातमोजे घाला, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा आणि साबणाच्या दाट पाण्यात टाका.

औषध बदलताना नाव नाही, गट बदला. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, फ्लुमेथ्रिन या वेगवेगळ्या बाटल्या असल्या तरी गट एकच. अमिट्राझ वेगळा. आयव्हरमेक्टिन (गोचिडांवरचं इंजेक्शन) दुभत्या गाईला नको, ते दुधात उतरतं. वासराला काय आणि किती हे वजन बघून तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावं. फवारणीआधी जनावराला पोटभर पाणी पाजा म्हणजे ते अंग चाटणार नाही. ऊन टाळा, चारापाणी झाकून ठेवा. किती दिवसांनी पुन्हा फवारायचं आणि दूध किती दिवस वापरायचं नाही, हे लेबलवर असतं ते पाळा.

शेवटचं, पण मनापासून: एकच सुई दोन जनावरांना वापरू नका. अ‍ॅनाप्लाझ्मा हा गोचिडातून येणारा रक्ताचा आजार सुईतूनही जातो.

धागाकर्ती

रात्री बघितलं. गव्हाणीच्या मागच्या भेगेत होते, मोजता येणार नाहीत इतके. चांदी तिथेच बांधलेली असायची.

सुईचंही खरं आहे, आम्ही एकीनेच सगळ्यांना टोचत होतो. आजपासून बंद. माश्यांचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद ३

आधी माशी ओळखा. पायांवर बसून गायीला पाय आपटायला लावते ती गोठ्यातली चावरी माशी. दिसायला घरमाशीसारखीच, पण तोंडाची सोंड सुईसारखी पुढे आलेली. तिची पैदास ओल्या, कुजक्या चाऱ्यात होते, विशेषतः मूत आणि शेण मिसळलेल्या. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे आठवड्यातून एकदा गव्हाणीखालचा उष्टा चारा तळापर्यंत खरवडून काढलात तर नवी पिढी निघतच नाही. कोपरे विसरू नका. शेण पातळ पसरून वाळवा, नाहीतर उकिरडा जाड प्लास्टिकने घट्ट झाका. आमच्याकडे औषधापेक्षा फावड्याने जास्त फरक पडला.

मोठी गोमाशी वेगळी. ती पाणथळ चिखलात वाढते, तिला संपवता येत नाही. पण ती भर उन्हात चावते आणि काळोख्या सावलीत सहसा शिरत नाही. तेव्हा दुपारी गायी आत बांधा, चरायला सकाळी लवकर सोडा. ती अर्धवट रक्त पिऊन एकीवरून दुसरीवर उडते आणि सर्रा हा रक्ताचा आजार तसाच पसरतो. आजारी गाय वेगळी बांधायची ती यासाठीच. लम्पी मात्र माश्या आवरून थांबेल अशा भरवशावर राहू नका, त्याची लस माश्यांचे दिवस सुरू होण्याआधीच टोचून घ्या.

संध्याकाळी गोठ्यात पंखा लावता आला तर लावा. चिलटं वाऱ्यापुढे टिकत नाहीत.

धागाकर्ती (बारा दिवसांनी)

तांबू उठली. लघवी स्वच्छ आहे, दूध अजून पूर्वीइतकं नाही. भिंती बुजवून चुना झाला, गव्हाणीखालून चार पाट्या कुजका चारा निघाला. गाईमागे चार लिटर पाणी धरून फवारणी केली, या वेळी कानात एकही राहिला नाही. रोज संध्याकाळी वही घेऊन प्रत्येकीचा ताप आणि खांद्यापुढची गाठ तपासते.

डॉक्टर, काल थोरल्या कालवडीचा ताप १०३.४ लागला. चारा खाते आहे, गाठ नाही. चांदीच्या वेळेसारखं थांबायचं नाही म्हणून सकाळीच कानाच्या टोकाचं रक्त तपासायला दिलंय. निकाल येईपर्यंत तिला बाकीच्यांपासून दूर बांधली आहे. एवढं पुरे की अजून काही करू?