मदत हवी आहे: तुर्की बोलणारे, ग्रीक लिपीत लिहिणारे करामानली

नमस्कार मंडळी. अनातोलियातल्या (म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या) करामानली ख्रिश्चनांबद्दल वाचतोय आणि एका जागी अडकलोय. हे लोक धर्माने ऑर्थोडॉक्स, घरात बोलायचे तुर्की, पण ती लिहायचे मात्र ग्रीक लिपीत. कबरींवरचे लेखसुद्धा असेच! १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रीस आणि तुर्कस्तानमधली लोकसंख्येची अदलाबदल ठरली ती धर्मावरून, भाषा कुणी विचारलीच नाही. त्यामुळे हे तुर्कीभाषक ग्रीसला गेले आणि क्रीटमधले ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात आले. नव्या गावात शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायचीही पंचाईत. वाचून पोटात तुटतं.

आता प्रश्न. १२७७ मध्ये अनातोलियातल्या सेल्जुक सुलतानांची राजधानी कोन्या घेतल्यावर तिथल्याच करामान मुलखाच्या मेहमेद बेने (बे म्हणजे सरदार) दरबारात तुर्कीखेरीज दुसरी भाषा नको असं फर्मान काढलं, असं सांगतात. त्याआधी सेल्जुक दरबाराचा कारभार फारसीत चाले. या फर्मानाचा आणि त्याच मुलखातल्या ख्रिश्चनांनी तुर्की उचलण्याचा काही संबंध जोडता येतो का? की फर्मान दरबारापुरतंच, आणि भाषा बदलली ती बाजारात, शेजारात, हळूहळू? मला दुसरं जास्त पटतं. फारसी जाणणाऱ्या कुणी इब्न बीबी या त्या काळच्या सेल्जुक दरबारी इतिहासकाराच्या फारसी ग्रंथातला तो फर्मानाचा उतारा मुळातून वाचला असेल, तर नेमका अर्थ कृपया सांगा.