मदत हवी आहे : 'गुंगी' हा शब्द आला कुठून?

नमस्कार मंडळी. झोप आणणाऱ्या औषधांवर रुग्णांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्याच्या हिंदी नावात 'स्वापक' आहे, मराठी नावात 'गुंगीकारक'. 'स्वापक'चं मूळ उघड आहे : संस्कृत 'स्वप्', म्हणजे झोपणे. 'स्वप्न' त्यातलाच. पण कायद्याच्या इंग्रजी नावातल्या 'नार्कोटिक'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक 'नार्के'चा अर्थ बधिरपणा, झोप नव्हे. त्यामुळे मला 'गुंगी'च नेमका वाटतो. खोकल्याचं औषध घेतल्यावर डोळे अर्धे उघडे असतात, हाक ऐकू येते, पण उत्तर द्यायला जीभ उचलत नाही. ती गुंगी.

हा शब्द फारसी 'गुंग' (मुका) वरून आला का? 'वाचनात गुंग', 'मती गुंग झाली' यांतला 'गुंग'ही तोच का? बखरींतले, जुन्या पत्रांतले दाखले असतील तर कृपया द्या.

आणखी एक. मुंबईत गिरणीकामगार बायका कामावर जाताना तान्ह्या बाळाला अफूची बाळगोळी देत. तिला तुमच्याकडे दुसरं काही नाव होतं का? घरातल्या वयस्कर मंडळींना जरूर विचारा. जायफळाच्या गुटीबद्दल नव्हे, अफूच्याच गोळीबद्दल विचारतेय.