घरचा कारखाना असताना वेगळी विश्रांती हवी का?

प्रश्न – गणवेशवाला, सोलापूर

आमचा शालेय गणवेश शिवण्याचा घरचा कारखाना आहे. एप्रिलपासून शाळा उघडेपर्यंत इतकी घाई असते की जेवतानाही मोबाईलवर मापांचे आकडे चालू असतात. जूनअखेर काम ओसरले की चार दिवस गाव सोडून जावे, असे पत्नीचे म्हणणे आहे. वडील म्हणतात, "रविवारी कारखाना बंदच असतो की, आणखी कसली विश्रांती?" रविवारी मी घरी असतो हे खरे, पण कापड व्यापाऱ्यांचे फोन, उसवलेल्या शर्टांच्या तक्रारी आणि सोमवारच्या कटिंगचा हिशेब यांतच दिवस सरतो आणि रात्री झोप लागत नाही. नित्यक्रमातून बाहेर पडल्याने प्रकृतीला खरोखर उपयोग होतो, की ही सवड असणाऱ्यांची हौस आहे?

उत्तर – माजी अध्यापिका, मानसशास्त्र

आपल्या वडिलांचे निम्मे म्हणणे मला पटते, कारण आठवड्याची सुट्टी नीट मिळाली तर ती पुष्कळ काम करते. अडचण इतकीच की आपल्याला ती मिळतच नाही. साबिने सोनेनटाग या जर्मन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की कामाच्या जागेपासून शरीराने दूर जाणे पुरेसे नसते, मनानेही कामातून सुटावे लागते. डोक्यात काम घोळत राहिले की शरीर ताणाच्या स्थितीतच राहते, झोप उथळ होते आणि दुसऱ्या दिवशीचे काम आदल्या दिवसाच्या थकव्यावरच सुरू होते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे १२ हजार अमेरिकी पुरुषांच्या पाहणीत (निष्कर्ष २०००) दरवर्षी सुट्टी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले होते. अर्थात ज्यांची प्रकृती आणि ऐपत मुळातच बरी, तेच अधिक सुट्टी घेतात, असेही असू शकते. म्हणून या दुसऱ्या पाहणीवर मी फार भार देणार नाही. शिवाय सुट्टीने आलेला तजेला कामावर परतल्यावर काही आठवड्यांतच ओसरतो, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. तेव्हा जूनचे चार दिवस जरूर घ्यावेत, मात्र त्यांच्या भरवशावर वर्षभराचे रविवार कामाला देऊ नयेत.

उत्तर – पूर्वभागातली

वरील उत्तर योग्य आहे, पण ते मालकाच्या बाजूचे आहे. माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने, आणि मजुरी हजार विड्यांमागे. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे बुडाले. तिला विश्रांतीचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, तिला ती परवडत नव्हती. आपल्याकडचे शिलाई कामगारही बहुधा नगावरच, म्हणजे जितके कपडे शिवले तितकी मजुरी, असे असतील. आपण चार दिवस कारखाना बंद ठेवून गेलात, तर ती आपली विश्रांती आणि त्यांची उपासमार, असे होऊ नये.

उत्तर – भटक्या

लांब जाण्याची गरज नाही. हत्तरसंग कुडल येथे भीमा-सीनेचा संगम आणि शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. कारखान्याचा फोन मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. जूनमध्ये कारखाना बंद न ठेवता कटिंग मास्तरांवर सोपवून जावे, असे ठरले आहे. पूर्वभागातल्या ताईंचा अंदाज बरोबर आहे, आमचे कामगार नगावरच आहेत. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी आम्ही दरवर्षी काम बंद ठेवतो आणि त्या दिवसाची मजुरी आजवर कोणाला दिलेली नाही. ती यंदापासून द्यावी, असा विचार आहे. सीझनमध्ये आणि एरवी शिवलेल्या नगांत मोठी तफावत असते. अशा वेळी एका दिवसाची सरासरी मजुरी कोणत्या महिन्यांवरून काढावी, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?